अक्का आडवी जाते

गोदाक्का मोटारीला आडवी जायची. चुकून नव्हे, मुद्दाम. आणि तेही कुणीतरी येऊन विनवलं म्हणून.

ऐकून तुम्हाला वाटेल, बाई वेडी असणार. मुळीच नाही. आमच्या अख्ख्या गावात शहाणं माणूस एकच होतं, ते म्हणजे अक्का. बाकी आम्ही सगळे मोटारीचे गुलाम. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं रागीट आहेत आणि त्यातली निम्मी माझ्या नात्यातली आहेत. हुबळीपासून अठरा मैल, रेल्वे नाही, एवढं कळलं तरी पुरे.

मोटार नव्हती तेव्हा माणसं पहाटे छकडं जुंपायची, दशम्या बांधून घ्यायची आणि दुपारी हुबळीला पोचायची. कुणाला उशीर झाला असं मी तेव्हा ऐकलं नाही. मग मोटार आली. दोन तासांत हुबळी दिसायला लागली, आणि त्या दिवसापासून गावातल्या प्रत्येकाला उशीर व्हायला लागला! लोकांनी छकडी विकली, बैल विकले. टांगेवाल्यानं घोडा विकला आणि तो स्वतःच मोटारीनं हुबळीला जाऊन कुठंशी हमाली करायला लागला. वर्तमानपत्र मोटारीनं, औषध मोटारीनं, सूनसुद्धा मोटारीनं. गावाला पाय होते हेच गाव विसरलं.

आणि मग लढाई आली. पेट्रोल मिळेना. तीन मोटारींची एक राहिली, आणि तिच्याही पाठीला कोळशाची एक भलीमोठी शेगडी लटकवली. तिच्या धुरावर म्हणे मोटार चालते. ती पेटायला अर्धा तास, तापायला अर्धा तास. एकदा तापली की शिवप्पा ड्रायव्हर सख्ख्या बापासाठी थांबायचा नाही. सकाळी आठला सुटायची ती संध्याकाळी परत. चुकली म्हणजे दिवस बुडाला. कोर्टाची तारीख बुडाली, दवाखाना बुडाला, परीक्षा बुडाली.

शिवप्पा थांबायचा तो फक्त एका गोष्टीला. अपशकुनाला.

अक्का आमच्या शेजारची. चौदाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून डोक्याचं वपन आणि अंगावर लाल आलवण. या गोष्टीच्या वेळी पन्नाशी ओलांडलेली, काटक, आणि जीभ अशी की कोळशाची शेगडी परवडली. एकदा ती आपली सकाळी विहिरीवर निघाली होती आणि सुटलेल्या मोटारीच्या नेमकी समोर आली. शिवप्पानं कचकन ब्रेक दाबला, "अय्यो शिवने!" म्हणून कपाळावर हात मारला, आणि खाली उतरला. विधवा आडवी आली. आता पुढं कसं जायचं? शेजारीच मारुती. त्यानं पाच प्रदक्षिणा घातल्या, चूळ भरली, चिमूटभर तंबाखू तोंडात टाकली आणि मग पुन्हा गाडीवर बसला. तेवढ्यात मागून आमच्या कंपाउंडरची बायको तापलेलं पोर कडेवर घेऊन धावत आली. तिला मोटार मिळाली. पोर वाचलं.

अक्का घागर काखेत धरून हे सगळं बघत उभी होती. दुसरी एखादी रडली असती, तोंड लपवून घरात गेली असती. अक्का आमच्या ओसरीवर येऊन पोट धरधरून हसली.

"सिंधू, बघ की गं गंमत! देवानं नवरा नेला, केस नेले, आणि हा एक ब्रेक तेवढा माझ्या हातात ठेवला!"

झालं. तेव्हापासून गावात पद्धतच पडली. कुणाला उशीर झाला की घरातलं एक माणूस अक्काच्या दाराशी. "अक्का, जरा आडवी जा गं! आमच्या यांची अजून संध्या चाललीय!" अक्का आधी चार शिव्या घालायची. "संध्या करतोय की चंद्र उगवायची वाट बघतोय?" मग पदर खोचून निघायचीच. तिनं हिशेबही बसवला होता. नुसती अक्का गेली तर दहा मिनिटं. काखेत रिकामी घागर असली तर पंधरा, कारण दोन अपशकुनांना शिवप्पा सात प्रदक्षिणा घालायचा. घागरीचा थांबा ती कुणाला उगाच द्यायची नाही. बाळंतीण, आजारी माणूस आणि परीक्षा, एवढ्यांनाच. माझ्या मॅट्रिकच्या वेळी मी धारवाडला निघाले आणि परीक्षेचं हॉलतिकीट घरी विसरले, तेव्हा अक्का घागर घेऊन आडवी गेली होती. मी पास झाले त्यात गणिताच्या मास्तरांपेक्षा तिचा वाटा मोठा.

सगळ्यात जास्त फायदा घेतला तो अनंतराव वकिलांनी. महिन्यातून दोनदा तरी. धोतराचा सोगा सावरत, एका हातात दप्तर आणि एका हातात दुसरा पंप शू घेऊन ते धावत यायचे, आणि मोटारीत बसल्यावर अक्काकडं पाहायचेही नाहीत.

"अक्का, तुला वाईट नाही वाटत?" असं मी एकदा विचारलं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची, ट्रेनिंग कॉलेजच्या जागेची वाट बघत घरी बसलेली. डोक्यात सुधारणेचं वारं.

"कशाचं वाईट? अगं, असलं काही नसतं. मी समोर गेल्यानं मोटार मोडायची असती तर आजवर तिचे खिळे राहिले असते का? असलं काही नसतं. पण चालतंय ना? मग चालू दे की!"

ती स्वतः मात्र मोटारीत कधी बसली नव्हती. एकदाही नाही. "मला कुठं जायचंय बाई," म्हणायची.

जायला जागा नव्हती असं नाही. हुबळीत तिचा भाऊ होता आणि भावाचा मुलगा बाळू. बाळूची आई त्याच्या दुसऱ्या वर्षी वारली, तेव्हा भावानं त्याला अक्काच्या ओटीत टाकलं. आठ वर्षं तिनं त्याला वाढवलं. मग भावानं दुसरं लग्न केलं आणि शाळेसाठी म्हणून मुलाला मोटारीत घालून घेऊन गेला. त्यानंतर बाळू एकदाच आला, सोळा वर्षांचा असताना. संध्याकाळी पोचला आणि दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं गेला. त्यालाही आता सहा वर्षं झाली होती.

माझे वडील पोस्टमास्तर. एका संध्याकाळी मोटारीनं आलेल्या थैलीतून अक्काच्या नावाचं कार्ड निघालं. अक्काला वाचता येत नसे, तिची पत्रं मीच वाचून दाखवायची. भावाची छापील लग्नपत्रिका आठवड्यापूर्वीच येऊन गेली होती, आणि अक्कानं ती देवापुढं ठेवून विषय संपवला होता. हे कार्ड बाळूचं होतं. पेन्सिलीनं लिहिलेलं, घाईत.

"अक्का, गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांचा मुहूर्त आहे. तू समोर उभी असल्याशिवाय मी पाटावर उभा राहणार नाही. घरात मी हे सांगून ठेवलं आहे. तू ये. तुझा बाळू."

गुरुवार म्हणजे उद्याच. कार्ड दोन दिवस कुठं रखडलं कोण जाणे.

अक्कानं माझ्या हातातलं कार्ड घेतलं, उलटंसुलटं केलं आणि कनवटीला खोचलं. मग म्हणाली, "मोटारीला भाडं किती पडतं गं?"

वडील म्हणाले, "सिंधे, तू जा तिच्याबरोबर."

सकाळी पावणेआठला आम्ही स्टँडावर. आलवण धुतलेलं, हातात लहानसं गाठोडं. मोटार भरलेली, शेगडी धगधगतेय. अक्काला बघितल्याबरोबर शिवप्पा सवयीनं खालीच उतरला. "आज कुणासाठी, अक्कार?" असं कानडी हेलानं म्हणत मारुतीकडं वळलासुद्धा.

"आज माझ्यासाठी," अक्का म्हणाली. "मला हुबळीला जायचंय."

आत वीसेक माणसं होती, आणि त्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी अक्काच्या जिवावर मोटार पकडली होती. सगळे आपापल्या गुडघ्यांकडं बघायला लागले. तोंड उघडलं ते अनंतराव वकिलांनी.

"अक्का, तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण आज माझ्या मोठ्या केसचा निकाल आहे. अकराला कोर्टात उभं राहायचंय. आज नको. उद्या जा की. उद्याची मोटार काय पळून जातीय?"

"उद्या लग्न होऊन गेलेलं असेल," अक्का म्हणाली.

"लग्नाला? तुम्ही?" वकिलांच्या तोंडून निघून गेलं.

मग माझं डोकं फिरलं. माझं डोकं तसंही लवकर फिरतं, घरात सगळ्यांना माहीत आहे. "वकीलसाहेब," मी भर स्टँडावर ओरडले, "गेल्या महिन्यात तुम्ही एका पायात बूट घालून पळत आलात तेव्हा हीच बाई आडवी गेली होती ना? तेव्हा चालली ती? तिचा अपशकुन तुम्हाला हवा, आणि ती नको होय?"

"मुलीच्या जातीनं एवढं..." त्यांनी सुरुवात केली. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरगी खरं बोलतीय." कुणी म्हणालं, "खरं असेल, पण घाटीच्या चढावर मोटार अडकली तर?" आठ वाजून गेले. शेगडीतले कोळसे फुकट जळत होते. आणि अक्का, जिच्या जिभेला गाव घाबरायचं ती अक्का, गाठोडं छातीशी धरून नुसती उभी. मला तिचाही राग आला. बोल की! घाल की चार शिव्या!

सगळे शिवप्पाकडं बघायला लागले. शिवप्पानं फेटा काढला, डोकं खाजवलं, पुन्हा घातला.

"असं बघा," तो म्हणाला. "अक्का बाहेर असल्या तर आडव्या येणार. आत बसल्या तर आडव्या कशा येतील? म्हणजे आजच्याएवढी गाडी कधीच सेफ नव्हती. बसा अक्कार, बसा!"

वकिलांनी नाक मुरडून घड्याळ बघितलं. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो, शेगडीला पाठ लावून. पाठ भाजून निघत होती.

अक्का पहिल्यांदाच मोटारीत बसली होती, पण तिनं बाहेर बघितलं नाही. पुढच्या बाकाचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली. मोटार जरा खोकली की वकील मान वळवून मागं बघायचे. अक्काही त्यांच्याकडं बघायची आणि लगेच खाली बघायची. पाच मैल बरे गेले. घाटीच्या चढाला मोटारीनं दम टाकला, तसे सगळे खाली उतरून ढकलायला लागले. तीही उतरली. मी म्हटलं, "तू बस." म्हणाली, "नको, मी लांब उभी राहते. हात नको लावायला." मला वाटलं, ती थट्टाच करतेय. मी हसले.

चढ संपला. तासभर नीट चाललो आणि ओढ्यापाशी मोटार बंदच पडली. शेगडी राखेनं चोंदली होती. शिवप्पा गजानं ती खरवडायला लागला. वकील घड्याळ काढून येरझाऱ्या घालायला लागले. "सांगत होतो! सांगत होतो मी!"

"ही मोटार दर मंगळवारी इथंच बंद पडते," शिवप्पा राखेतून ओरडला. "मंगळवारी काय अक्का बसतात होय?"

"किती वाजले?" अक्कानं मला हळूच विचारलं. घड्याळ एकट्या वकिलांकडं. मी गेले आणि विचारलं. त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "दहा वाजून पाच." अजून सहा मैल होते. मी मनात मारुतीला पाच प्रदक्षिणा बोलले. सुधारणेचं वारं तेवढ्यापुरतं पडलं होतं.

साडेदहाला मोटार पुन्हा धूर ओकायला लागली. शिवप्पानं ती अशी हाणली की वकिलांची टोपी दोनदा उडाली. अकराला दहा कमी असताना आम्ही हुबळीच्या स्टँडावर उतरलो. वकील पळत सुटले. आम्हीही. कोप्पीकर रोडच्या गर्दीतून, सायकली चुकवत, मी अक्काला हाताला धरून ओढत होते. मागच्या एका गल्लीत मांडव दिसला. सनईचा आवाज येत होता. अजून वेळ होता! मला असा आनंद झाला म्हणता, जणू काही माझंच लग्न होतं.

मांडवासमोरच्या भांड्यांच्या दुकानापाशी अक्का थांबली.

"चल की!"

"तू जा आत. मी इथं पायरीवर बसते."

"अक्का, शुद्धीवर आहेस का? त्यानं लिहिलंय, समोर उभी राहा म्हणून. चल!"

"तो लहान आहे. त्याला काय कळतंय! त्याला सांग, अक्काची मोटार चुकली."

मी तिचा हात ओढला. ती पायरीवर गच्च बसली. मग मी चिडले. "तूच म्हणतेस ना, असलं काही नसतं म्हणून? गावभर सांगत फिरतेस, आणि आता तुलाच भीती वाटतेय?"

अक्कानं वर बघितलं. घामानं तिचं कपाळ डबडबलं होतं.

"नसतंच गं. पण असलं तर?" ती म्हणाली. "वकिलाचं काय, त्याची मोटार मोडली असती तर मोडली असती, मला काय त्याचं! हा माझा बाळू आहे, सिंधू. ह्याच्या बाबतीत मला बघायचं नाही, असतंय की नसतंय."

मघाशी चढावर ती मोटारीला हात लावत नव्हती ते थट्टेनं नव्हे, हे मला आत्ता कळलं. आत भटजींनी मोठ्यानं काहीतरी पुकारलं. अक्का म्हणाली, "पळ. आणि माझं नाव काढू नकोस."

मी आत गेले. नवरामुलगा पाटाच्या शेजारी उभा होता, पाटावर नव्हे. मुलीचे मामा लाल होऊन भटजींशी बोलत होते, भटजी घटिकापात्राकडं हात करून ओरडत होते, आणि अक्काचा भाऊ मुलाच्या कानाशी लागून दात ओठ खात होता. बाळूची नजर दाराकडं. मी पूर्वी शेजारची, त्यानं मला लगेच ओळखलं.

"अक्का कुठाय?"

"मोटार चुकली," मी म्हणाले.

"अक्काची?" तो म्हणाला. "अक्काची मोटार चुकते होय?" आणि माझ्या डोळ्यांकडं बघत राहिला. मला खोटं बोलता येतं, पण समोरचा असा बघायला लागला की येत नाही. मी मान वळवून बाहेर बघितलं. बस्स.

तो निघाला. मुंडावळ्या बांधलेला, हळदीच्या अंगाचा नवरदेव भर मांडवातून चालत बाहेर! बायका ओरडल्या, "अगंबाई, मुलगा चालला!" मामा मागून धावले. सनईवाल्यालाही काही कळेना, तो वाजवतच राहिला.

अक्कानं तो येताना बघितला असेल तर तेवढाच, क्षणभर. तिनं दोन्ही हातांनी पदर ओढला तो थेट हनुवटीपर्यंत.

"अक्का," बाळू म्हणाला.

"जा. मुहूर्त टळेल."

"पदर वर कर. मला तुझं तोंड बघू दे."

"माझं तोंड बघून पाटावर उभं राहू नकोस. शपथ आहे तुला माझी." पदराच्या आतून आवाज येत होता, आणि तो तिचा नेहमीचा दांडगा आवाज नव्हता.

तो तिच्या पायाशी वाकला. तिनं चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बोटांना मुंडावळी लागली, तसा तिनं हात चटका बसल्यासारखा मागं घेतला. मग पुन्हा ठेवला. बाळूनं पदराला हात घातला, पण तिनं तो असा मुठीत धरला होता की त्याला ओढवेना. मामा येऊन उभे होते.

"आता जा, राजा," अक्का म्हणाली. "माझ्यासाठी कुणाचं लग्न थांबलं असं व्हायला नको."

तो गेला. जाताना चारदा मागं वळून बघितलं त्यानं. थोड्या वेळानं मंगलाष्टकं सुरू झाली. गाठोड्यात काय होतं ते मला तेव्हा दिसलं: घरच्या अक्षता. प्रत्येक 'सावधान'ला अक्का पदराच्या आतूनच रस्त्याच्या पलीकडं, मांडवाच्या दिशेनं चार चार दाणे टाकत होती. ते रस्त्याच्या मध्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हते. ताशे कडाडले तेव्हा तिनं पदर खाली घेतला आणि डोळे पुसले.

मी चांगलीच रडत होते. मला तिला खूप काही बोलायचं होतं, रागावायचंही होतं. तेवढ्यात तिनंच माझा हात धरला आणि जवळ ओढलं.

"सिंधू, तू नीट बघितलंस ना गं त्याला?" ती म्हणाली. "मला काही दिसलं नाही बघ. मिशी ठेवलीय का त्यानं?"